टी-शर्टवरचा क्रूस

वहीखात्याच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला एक नियम लहानपणीच कळतो. वहीतील चूक खोडता येते, पुसता येत नाही. चुकीच्या रकमेवर रेघ मारायची, शेजारी बरोबर रक्कम मांडायची आणि ती रेघ तशीच राहू द्यायची. कापडावरील छपाईत एवढीही सवलत मिळत नाही. टी-शर्टवर चुकीचे अक्षर उमटले की तो टी-शर्ट गेलाच. त्यामुळे या धंद्यातील नफा-तोटा यंत्र सुरू होण्यापूर्वीच, डिझाइनची फाइल किती काळजीने तयार झाली यावर ठरतो.

गोंदिया हे भात गिरण्यांचे गाव आणि मुंबई-हावडा मार्गावरील मोठे जंक्शन. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. येथील बाजारपेठेत धान्य, कापड आणि किराणा या व्यवसायांत जैन घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशाच एका कापडाच्या दुकानातील तरुण मुलाने वडिलांच्या गादीला जोड म्हणून टी-शर्ट छापून देण्याचे काम सुरू केले. कोरे टी-शर्ट तिरुपूरहून मागवायचे, डिझाइन दुकानात तयार करायचे आणि छपाई नागपूरला करून आणायची, अशी त्याची व्यवस्था होती. यंत्रात भांडवल गुंतविण्यापेक्षा आधी काम समजून घ्यावे, हा त्याचा हिशेब योग्यच होता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच्याकडे दोन ऑर्डर जवळजवळ एकाच वेळी आल्या. एक संघाची, महावीर जन्मकल्याणकाच्या शोभायात्रेसाठी; दुसरी जिल्ह्यातील एका छोट्या चर्चच्या तरुण मंडळाची, ईस्टरसाठी. हा योगायोग दिसतो तेवढा विरळा नाही. जन्मकल्याणक चैत्र शुद्ध त्रयोदशीला येते. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी असतो. दोन्ही तिथी चंद्रावर चालतात. २०२५ मध्ये त्या १० आणि २० एप्रिलला आल्या. त्याच्या आदल्या वर्षी मात्र ईस्टर ३१ मार्चला आणि जन्मकल्याणक २१ एप्रिलला होते. टी-शर्ट छापणाऱ्याने दोन्ही पंचांगे समोर ठेवावीत, हा त्यातला व्यावहारिक बोध.

चर्चला हवे होते छत्तीस टी-शर्ट, गडद निळ्या रंगाचे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करावी लागते. पाचशे नग असतील तर तो खर्च विभागला जातो. छत्तीस नगांवर तो जड होतो. म्हणून डीटीजी, म्हणजे डायरेक्ट टू गारमेंट छपाई निवडण्यात आली. कागदाच्या प्रिंटरप्रमाणे या यंत्रातून शाईचे सूक्ष्म थेंब थेट कापडावर पडतात. जाळी नाही, त्यामुळे एक नग छापा की पन्नास, पूर्वतयारीचा खर्च फारसा बदलत नाही. पैसे मंडळातील मुलामुलींनी स्वतःच गोळा केले होते. त्यांतील बरीचशी घरे मजुरीवर चालणारी. एक टी-शर्ट बिघडणे म्हणजे एका घराची एका दिवसाची मजुरी जाणे, हे मुलाच्या वडिलांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले.

डिझाइन म्हणून आले ते व्हॉट्सॲपवरून पाठविलेले एक छायाचित्र. चर्चच्या लेटरहेडवरील बोधचिन्हाचा मोबाइलने घेतलेला फोटो. पडद्यावर तो ठीक दिसत होता. परंतु पडदा फसवतो. हिशेब फसवत नाही. छातीवरची छपाई अकरा इंच रुंद हवी होती. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे रुंदीत ३,३०० ठिपके हवेत. त्या फोटोत होते ६६०. भागाकार केला की इंचाला साठच ठिपके पडतात आणि कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. संगणकावर चित्र ओढून मोठे केल्याने ठिपक्यांची संख्या वाढते, माहिती वाढत नाही. जुन्या थकबाकीवर व्याज चढवून खाते मोठे दाखविण्यासारखाच तो प्रकार. मुलाने ते बोधचिन्ह कोरलड्रॉमध्ये नव्याने रेखाटून काढले. रेषांनी बांधलेले असे चित्र खिशाएवढे करा की पाठीएवढे, त्याची कड बिघडत नाही. ज्यांच्याकडे मूळ फाइल आहे, त्यांनी ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठविता डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावी, म्हणजे ती वाटेत आक्रसत नाही.

दुसरी बाब पार्श्वभूमीची. जेपीजी प्रकारच्या फाइलमध्ये चित्रामागे पांढरा चौकोन असतो. कागदावर तो दिसत नाही, कारण कागदच पांढरा. निळ्या टी-शर्टवर मात्र यंत्र तो चौकोन इमानदारीने छापते. म्हणून मागची बाजू पूर्ण पारदर्शक करून फाइल पीएनजी स्वरूपात द्यावी लागते.

गडद कापडावर आणखी एक पायरी असते. कापडावर आधी एक द्रव फवारून ते हीट प्रेसखाली वाळवतात. त्यामुळे पांढरी शाई धाग्यांत न मुरता वर टिकते. मग त्या जागी पांढऱ्या शाईचा थर पडतो आणि त्यावर रंग. जेथे रंग पुरा भरलेला आहे तेथे हे छान जमते. परंतु बोधचिन्हात क्रुसामागून हळूहळू विरत जाणारा प्रकाश दाखविला होता. असे अर्धपारदर्शक भाग आले की खालचा पांढरा थर डोकावतो आणि प्रकाशाऐवजी मळकट झालर दिसते. त्यावर उपाय दोन: विरणारा प्रकाश लहान-मोठ्या भरीव ठिपक्यांत मोडणे किंवा स्पष्ट कडेचे किरण काढणे. मुलाने किरण काढले. पांढरा थर रंगाच्या कडेपासून किंचित आत ओढून घेतला, म्हणजे यंत्र केसभर हलले तरी पांढरी रेघ बाहेर येत नाही. बोधचिन्हातील सोनेरी रंग मात्र या यंत्राला चकाकीसह छापता येत नाही. तो साधा पिवळसर तपकिरी उतरतो. हे त्याने आधीच सांगितले आणि गेरूच्या जवळची एक छटा दोघांच्या संमतीने ठरली. पडद्यावर सोने दाखवून कापडावर पितळ देणे हा व्यापार नव्हे.

फाइल तयार झाली आणि चर्चचे पाळक ती पाहायला दुकानात आले. मुलाने बोधचिन्ह अधिक भरदार दिसावे म्हणून मूळच्या साध्या क्रुसाऐवजी इंटरनेटवरून घेतलेला एक नक्षीदार क्रूस बसविला होता. त्यावर येशूची देहाकृती होती. पाळकांनी चष्मा लावून पाहिले.

"भाऊ, काम सुंदर आहे. पण हा क्रूस आमचा नाही."

"क्रूस तर एकच असतो ना, साहेब?"

"आमच्या चर्चमध्ये रिकामा क्रूस असतो. देहाकृती असलेला क्रूस आमचे कॅथलिक बांधव पूजनीय मानतात. त्यांचा आम्ही आदरच करतो. पण ईस्टरच्या दिवशी आमच्या मुलांच्या छातीवर रिकामाच हवा. येशू उठला, असे सांगणारा."

मुलगा गोंधळला. गादीवर बसलेल्या वडिलांना मात्र मुद्दा चटकन कळला. ते म्हणाले, "बेटा, आपल्या शोभायात्रेच्या बॅनरवर दिगंबर मंदिरातील मूर्तीऐवजी आंगी आणि चक्षू असलेली श्वेतांबर मूर्ती लागली, किंवा उलट झाले, तर बाहेरचा म्हणेल, भगवान तर एकच ना? आपण काय म्हणू?" मुलाला पुढे सांगावे लागले नाही. तीर्थंकरांची ओळख लांछनावरून पटते. वृषभ म्हणजे ऋषभनाथ, सर्प म्हणजे पार्श्वनाथ, सिंह म्हणजे महावीर. लांछन बदलले की नाव बदलते. बाहेरच्याला ही बारीकसारीक सजावट वाटते, आतल्याला ती ओळख असते. दुसऱ्याच्या श्रद्धेचे चिन्ह हाताळताना आपल्या दृष्टीने काय सुंदर दिसते हा प्रश्नच गैरलागू आहे. त्यांनी दिलेले जसे आहे तसेच ठेवावे आणि बदल करायचा तर विचारून करावा. अनेकान्ताची एवढी साधी कसोटी दुकानाच्या गल्ल्यावर रोज लागू शकते.

इंटरनेटवरून उचललेल्या त्या नक्षीदार क्रुसात दुसरीही अडचण होती. कोणीतरी काढलेले ते चित्र होते आणि त्यावर त्या चित्रकाराचा हक्क होता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी बनावट माल देणे, हे दोन्ही सांगितले आहेत. चित्र फुकट उतरवून विकणे पहिल्यात मोडते. मिश्र धाग्याचा टी-शर्ट शुद्ध सुती म्हणून देणे दुसऱ्यात. येथे धर्म आणि तंत्र एकच गोष्ट सांगतात, कारण डीटीजीची पाण्यातील शाई सुती धाग्यालाच नीट धरते. पॉलिएस्टर अधिक असेल तर थोड्या धुण्यांत छपाई फिकी पडते आणि खोटेपण उघडे होते.

यानंतर आली अक्षरे. मराठी छपाईचे खरे संकट येथे आहे आणि ते संघालाही चुकलेले नाही. ओळ लिहून आली होती जुन्या फाँटमध्ये. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा दिसतो. युनिकोडमध्ये लिहिले तर हा धोका टळतो, पण दुसरा उभा राहतो. डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिपींची जुळणी सुरू केलेली नसेल तर जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. 'ख्रिस्त' हा शब्द तर या बिघाडाची परीक्षाच आहे. ख आणि र यांचे जोडाक्षर, त्याच्याही आधी बसणारी वेलांटी, पुढे पुन्हा जोडाक्षर. पहिल्या प्रतीत ख चा पाय मोडलेला, र सुटा आणि वेलांटी मधोमध, असा तो शब्द उतरला होता. संघाच्या डिझाइनमध्येही तीच गत. २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व संप्रदायांनी मिळून स्वीकारलेल्या जैन प्रतीकात हाताच्या तळव्यावरील चक्रात 'अहिंसा' हा शब्द असतो. लहान आकारात छापताना त्याचा अनुस्वार गडप झाला होता. प्रतीकाखालच्या संस्कृत सूत्रातील शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला असतो, ते चिन्हही नाहीसे झाले होते.

यंत्र वाचत नाही. ते ठिपके टाकते. वाचायचे काम माणसाचे. त्यासाठी मुलाने एक क्रम ठरविला. मजकूर युनिकोडमध्येच मागवायचा. डिझाइनमध्ये बसविल्यावर मूळ मजकुराशी एकेक अक्षर ताडून पाहायचे. मग अक्षरांचे रूपांतर रेषांत करायचे. छपाईवाले याला कर्व्ह करणे म्हणतात. त्यानंतर ती कोणत्याही संगणकावर बदलत नाहीत. मात्र कर्व्ह केलेले अक्षर पुन्हा टंकता येत नाही, म्हणून आधीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवायची. गडद कापडावर बारीक फाँट वापरायचा नाही, कारण पांढरा थर आणि रंग एकावर एक बसताना अनुस्वार, रफार, उकार आधी बुडतात.

शब्दांच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. मराठी ख्रिस्ती समाजाची स्वतःची भाषा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी त्या समाजाला अभंगाच्या वळणाची गीते दिली. ख्रिस्ती होण्यापूर्वी ते नोकरीनिमित्त गोंदियाच्या पलीकडच्या राजनांदगाव संस्थानात होते आणि त्या वेळी नागपूरहून तेथे जाणारी आगगाडी याच गोंदियावरून जात असे. त्या परंपरेतील शब्द आपल्याला अपरिचित वाटले म्हणून दुकानदाराने ते सुधारू नयेत. शंका आली तर विचारावे.

छपाईच्या शाईबद्दल वडिलांनी एक प्रश्न विचारला, तोही जुना आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापील धर्मग्रंथ हाती घेण्यास लोक कचरत होते. त्यांनी तुपाची शाई वापरल्याची नोंद मुद्रणाच्या इतिहासात आहे. छपाईची कला त्यांनी आत्मसात केली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यावरून. म्हणजे मराठीत पंचांगे आणि पोथ्या छापल्या जाऊ लागल्या त्यात एका मिशनरी छापखान्याचा वाटा आहे. डीटीजीची शाई पाण्यात कालविलेल्या रंगकणांची असते आणि पांढरी शाई टायटॅनियम डायऑक्साइडची. तरीही शाईत आणि फवाऱ्याच्या द्रवात प्राणिज घटक आहे का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. नागपूरच्या छपाईवाल्याकडे तशी मागणी केली गेली आणि त्याने उत्पादकाचे पत्र पाठविले.

पाळकांपुढे वडिलांनी शेवटी एक शंका ठेवली. संघाच्या टी-शर्टवर तीर्थंकरांची प्रतिमा छापू नये, असा आग्रह त्यांनी स्वतः धरला होता. कपडा घामेजतो, धुतला जातो, जुना होतो. प्रतिमेची आशातना होऊ नये. म्हणून केवळ प्रतीक, आणि तेही छातीच्या डाव्या बाजूला, साडेतीन इंचांचे. "साहेब, आपल्याकडे क्रूस कपड्यावर चालतो का?"

"चालतो, शेठ. घालणाऱ्याला आठवण राहते. फक्त फाटल्यावर त्याचा पोछा होऊ नये, एवढे मनात येते."

हे उत्तर ऐकून मुलगा गप्प झाला, कारण छपाईच्या व्यवसायात बिघडलेल्या टी-शर्टचे दुसरे काय होते? यंत्र पुसायला, टेबल झाडायला तेच वापरतात. बिघडलेला नग आजवर त्याच्या लेखी फक्त रुपयांचा तोटा होता. त्या दिवशी त्या तोट्यात आणखी एक रकाना वाढला.

म्हणून दोन्ही ऑर्डरींसाठी नियम झाला. रंग, पांढरा थर आणि अक्षरांची जाडी यांची चाचणी चिन्हाशिवाय, साध्या पट्ट्या आणि 'कखग' छापून घ्यायची. चिन्हासह पहिला नग एकच काढायचा, तो मागविणाऱ्याला दाखवायचा आणि त्याची लेखी संमती आल्यावर उरलेले छापायचे. चिन्ह असलेला एखादा नग बिघडलाच तर तो दुकानात ठेवायचा नाही. ज्यांचे चिन्ह आहे त्यांच्या हाती सोपवायचा. त्याचे पैसे लावायचे नाहीत.

पाळकांनी प्रूफच्या कागदावर सही केली ती सगळे वाचून. आकार, जागा (गळ्याच्या शिवणीखाली तीन इंच), मुलांच्या लहान मापांसाठी अकराऐवजी आठ इंचांची छपाई, रंगाची छटा, ओळीतील प्रत्येक अक्षर, तारीख. बँकेत एकाने तयार केलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तयार करणाऱ्याचा डोळा स्वतःची चूक ओळखत नाही, त्याला तेथे बरोबरच दिसत राहते. त्यामुळे हा दुसरा डोळा नेहमी बाहेरचा असावा आणि शक्यतो ज्याची श्रद्धा त्या चिन्हात आहे त्याचाच असावा.

नागपूरहून माल आला तेव्हा मोजून छत्तीस नग होते आणि छत्तीसही चांगले होते. पिशवीसोबत मुलाने एक चिठ्ठी दिली: पहिले धुणे दोन दिवसांनंतर, उलटे करून, थंड पाण्यात, छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये. शेवटी वडिलांच्या सांगण्यावरून एक ओळ वाढविली होती. टी-शर्ट जुना झाल्यावर कोणाला ठेवावासा वाटला नाही तर दुकानात आणून द्यावा. चिन्हाचा भाग कापून तो चर्चकडे परत दिला जाईल. संघाच्या टी-शर्टांसोबतही हीच चिठ्ठी गेली, फक्त 'चर्च'च्या जागी 'संघ' होते.